हिवतापाची खूण आणि तिचा काळ : प्लीहेपासून प्रथिनापर्यंत निदानाचा इतिहास

प्रस्तावना

हिवतापाच्या रुग्णाला योग्य औषध मिळाले की दोन-तीन दिवसांत ताप उतरतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या रक्तात परजीवी दिसेनासे होतात. तरीही त्याच रुग्णाच्या बोटातून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर जलद निदान चाचणी केली असता ती पुढे दोन-तीन आठवडे, काही वेळा महिनाभरही, ‘हिवताप आहे’ असेच दर्शवीत राहते. याचे कारण असे की, ही चाचणी प्रत्यक्ष परजीवी शोधत नाही. परजीवीने निर्माण केलेले एक प्रथिन शोधते. परजीवी नष्ट झाल्यानंतरही ते प्रथिन रक्तात टिकून असते.

वैद्यकीय वाङ्मयात या घटनेचा उल्लेख बहुधा चाचणीचा एक दोष म्हणून होतो. प्रस्तुत निबंधात तिच्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. शरीरावर किंवा रक्तात आढळणारी रोगाची खूण नेमकी कोणत्या काळाविषयी बोलते, हा प्रश्न या प्रथिनामुळे प्रथमच निर्माण झालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आजपर्यंत हिवतापाच्या निदानाची जी तीन प्रमुख साधने वापरली गेली, म्हणजे प्लीहेची तपासणी, रक्ताची काचपट्टी आणि प्रथिनाची चाचणी, त्या प्रत्येकाबाबत तो उपस्थित झाला. या तीन साधनांच्या आधारे त्या प्रश्नाचा मागोवा घेणे हा या निबंधाचा हेतू आहे.

१. प्लीहा : भूतकाळाची नोंद

मराठीत जिला पानथरी म्हणतात ती प्लीहा वारंवार येणाऱ्या हिवतापात वाढते, ही गोष्ट वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. परंतु या वाढीची मोजदाद करून एखाद्या प्रदेशातील तापाचे प्रमाण ठरविण्याची पद्धत भारतात १८४०च्या दशकात रूढ झाली. पश्चिम यमुना कालव्याच्या परिसरात तापाचा उपद्रव इतका वाढला होता की, कर्नाल येथील लष्करी छावणी सोडून द्यावी लागली. नियोजित गंगा कालव्यामुळेही असेच अनारोग्य पसरेल काय, ही चिंता सरकारपुढे होती. त्यासाठी नेमलेल्या समितीत बेकर आणि यूल या अभियंता अधिकाऱ्यांसमवेत टी. ई. डेम्पस्टर हे शल्यचिकित्सक होते. समितीचा अहवाल १८४७ मध्ये सादर झाला. डेम्पस्टर यांनी कालव्याच्या पाण्याखालील आणि पाण्याबाहेरील गावांतील लोकांच्या प्लीहा हाताने चाचपून पाहिल्या व वाढलेल्या प्लीहांचे प्रमाण काढले. पुढे ‘प्लीहा-दर’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मापनाचा हा आरंभ होय.

या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकाच गोष्टीत होती. ताप हंगामी असतो. तपासनीस गावात पोहोचेपर्यंत तो ओसरलेला असू शकतो. वाढलेली प्लीहा मात्र ताप गेल्यावरही बराच काळ तशीच राहते. त्यामुळे कोरड्या हंगामात गावात गेलेल्या वैद्यालाही मागील पावसाळ्यात काय घडले याचा अंदाज बांधता येत असे. साक्षीदाराच्या स्मरणशक्तीवर किंवा दप्तरातील नोंदींवर अवलंबून राहण्याची त्याला गरज नव्हती. परंतु समोर उभ्या असलेल्या एका विशिष्ट माणसाला आज हिवताप आहे काय, या प्रश्नाचे उत्तर प्लीहा देऊ शकत नव्हती. शिवाय प्लीहा केवळ हिवतापानेच वाढते असेही नाही. काळा आजार या रोगातही ती अतिशय वाढते. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या जाणकारानेही १८९९ मधील आपल्या अहवालात काळा आजार हा हिवतापाचाच प्रकार मानला होता. १९०३ मध्ये लीशमन आणि डोनोव्हन यांनी त्या रोगाचा स्वतंत्र परजीवी दाखवून दिल्यानंतरच हा घोटाळा दूर झाला.

२. काचपट्टी : वर्तमानाचा दावा

दि. ६ नोव्हेंबर १८८० रोजी अल्जीरियातील कॉन्स्टंटीन येथील लष्करी रुग्णालयात शार्ल लाव्हेराँ या फ्रेंच वैद्याला एका सैनिकाच्या ताज्या रक्तात हालचाल करणारे सजीव दिसले. क्विनीन दिल्यावर हे सजीव रक्तातून नाहीसे होतात, हेही त्याने नोंदविले. खूण आणि रोग यांच्यातील काळाचे अंतर जणू मिटले. १८८५-८६ मध्ये इटलीतील कामिल्लो गॉल्जी याने परजीवींचे विभाजन होऊन तांबड्या रक्तपेशी फुटण्याची वेळ आणि थंडी वाजून ताप भरण्याची वेळ यांचा मेळ दाखवून दिला, तेव्हा हा समज अधिकच दृढ झाला. रोमानोव्हस्की व गिम्सा यांच्या रंजनपद्धतींमुळे काचपट्टीवरील परजीवी ओळखणे सुकर झाले. रक्ताची पट्टी हे विसाव्या शतकातील हिवताप-निदानाचे प्रमाण ठरले आणि आजही त्याचे ते स्थान टिकून आहे.

तथापि काचपट्टीवरही भूतकाळाचा अवशेष आढळतोच. फॅल्सिपॅरम जातीच्या परजीवींचे चंद्रकोरीच्या आकाराचे लैंगिक रूप क्विनीनने नष्ट होत नाही. ताप उतरल्यानंतरही ते काही आठवडे रक्तात आढळते. या चंद्रकोरींमुळे माणसाला ताप येत नाही. परंतु डासाच्या दृष्टीने मात्र त्या अत्यंत वर्तमान असतात. दि. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रॉस यांनी ज्या डासाच्या जठरभित्तीत परजीवीच्या पेशी पाहिल्या, तो डास हुसेन खान या चंद्रकोरी बाळगणाऱ्या रुग्णाच्या रक्तावर पोसलेला होता. एकच खूण रुग्णाच्या बाबतीत सरलेल्या तापाची आणि समाजाच्या बाबतीत येऊ घातलेल्या तापाची सूचना देत होती. खुणेचा अर्थ ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचली जाते यावर अवलंबून असतो, हे येथे प्रथम स्पष्ट झाले.

काचपट्टी आल्यामुळे प्लीहा-दर लगेच मागे पडला असे मात्र नाही. दोन्ही मापने पुढील अर्धशतक परस्परपूरक म्हणून वापरली गेली. १९४६ पासून मुंबई प्रांतातील कारवार व धारवाड भागांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली घराघरांत डीडीटीची फवारणी सुरू झाली. अशा मोहिमांच्या मूल्यमापनात एक अडचण असते. फवारणीमुळे नवीन संसर्ग थांबला तरी मोठ्या मुलांच्या प्लीहा लगेच पूर्ववत होत नाहीत आणि जुन्या संसर्गाचे परजीवीही काही काळ रक्तात राहतात. म्हणून हिवतापतज्ज्ञांनी अर्भकांच्या रक्ततपासणीला विशेष महत्त्व दिले. फवारणीनंतर जन्मलेल्या बालकाच्या शरीरात जुन्या संसर्गाचा वारसा नसतो. त्याच्या रक्तात परजीवी सापडला तर तो नव्यानेच आलेला असणार. भूतकाळाचा अवशेष वगळून वर्तमान मोजण्याची ही युक्ती साधी, पण तर्कदृष्ट्या अत्यंत भक्कम होती.

३. विलंबाचा प्रश्न

१९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व १९५८ मध्ये त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. कर्मचाऱ्याने ठरावीक दिवसांनी घरोघरी जावे, तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना घ्यावा व क्लोरोक्विनचा गृहीत उपचार द्यावा. प्रयोगशाळेतून नमुना दूषित असल्याचा अहवाल आल्यावर समूळ उपचार करावा, अशी पद्धत ठरली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात दाराशी येऊन रक्त घेणारा हिवताप कर्मचारी हा कित्येक दशके शासनाचा सर्वांत परिचित चेहरा होता. देशातील रुग्णसंख्या १९६५च्या सुमारास एक लाखापर्यंत खाली आली. परंतु १९७६ मध्ये ती सुमारे ६४ लाखांवर गेली.

या पुनरागमनाची कारणे अनेक होती. कीटकनाशकांना न जुमानणारे डास आणि क्लोरोक्विनला न जुमानणारे फॅल्सिपॅरम परजीवी यांची त्यांत प्रमुख गणना होते. निदानाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, काचपट्टी वर्तमान सांगत असली तरी तिचे उत्तर उशिरा मिळत असे. गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातील अरण्यातल्या गावातून नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचून अहवाल परत येईपर्यंत अनेक दिवस जात. फॅल्सिपॅरम हिवतापाचा रुग्ण तेवढ्या अवधीत मेंदूच्या हिवतापाने दगावू शकतो. गावातच, विजेविना व सूक्ष्मदर्शकाविना, काही मिनिटांत उत्तर देणाऱ्या साधनाची निकड या परिस्थितीतून निर्माण झाली.

४. प्रथिनाचा शोध

या साधनाचे मूळ मात्र वेगळ्याच संशोधनात सापडते. १९७४ मध्ये अराक्सी किलेजियान यांनी पक्ष्यांमध्ये आढळणाऱ्या प्लाझमोडियम लोफ्युरी या हिवताप-परजीवीतून हिस्टिडीन या अमिनो आम्लाने अत्यंत समृद्ध असलेले एक प्रथिन वेगळे केले. पुढील दशकात मानवी फॅल्सिपॅरम परजीवीतही अशी प्रथिने सापडली. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचे प्रथिन, म्हणजे एचआरपी-२, परजीवी आपल्या आश्रयदात्या तांबड्या पेशीच्या बाहेर स्रवतो, हे १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. परजीवीपासून दूर जाऊन रक्तात मिसळणारे हे विपुल प्रथिन निदानासाठी सोयीचे होते. त्याच्या रेणूत त्याच त्या लघुक्रमांची पुनरावृत्ती असल्याने एका रेणूला अनेक प्रतिपिंडे चिकटू शकतात व अल्प प्रमाणही पट्टीवर रंगीत रेषेच्या रूपाने दिसते.

१९९३-९४ मध्ये ‘पॅरासाइट-एफ’ या चाचणीचे पहिले क्षेत्रीय अनुभव प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास परजीवीच्या लॅक्टेट डिहायड्रोजनेज या विकरावर, म्हणजे पीएलडीएचवर, आधारित पद्धतीही पुढे आल्या. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने संशयित हिवतापाच्या प्रत्येक रुग्णात उपचारापूर्वी परजीवीची खात्री करून घ्यावी अशी शिफारस केली आणि या चाचण्यांचा वापर जगभर झपाट्याने वाढला. भारताच्या कार्यक्रमात २०१३ पासून फॅल्सिपॅरम व व्हायव्हॅक्स या दोन्ही जाती ओळखणारी चाचणी आली. दुर्गम पाड्यावरील आशा कार्यकर्तीला आता पंधरा-वीस मिनिटांत निदान करून तेथेच औषध सुरू करता येऊ लागले. या साधनाचे हे श्रेय निर्विवाद आहे.

५. रेंगाळणारी रेषा

विलंब संपला; पण अवशेषाचा प्रश्न परत आला. उपचारानंतरही एचआरपी-२ची रेषा उमटत राहते, हे चाचणीच्या वापराबरोबरच लक्षात येऊ लागले. अनेक अभ्यासांतील माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार उपचार घेतलेल्या व्यक्तींपैकी निम्म्या व्यक्तींची एचआरपी-२ चाचणी सुमारे १५ दिवसांनंतरही होकारार्थी राहते. पीएलडीएचवर आधारित चाचणीच्या तुलनेत हा कालावधी सुमारे १३ दिवसांनी अधिक आहे. पीएलडीएच हे जिवंत परजीवीच्या चयापचयाशी निगडित विकर असल्याने परजीवी मरताच ते लवकर ओसरते.

भारतात वापरल्या जाणाऱ्या द्विजाती चाचणीत फॅल्सिपॅरमची रेषा एचआरपी-२ची आणि व्हायव्हॅक्सची रेषा पीएलडीएचची असते. म्हणजे एकाच पट्टीवर शेजारी शेजारी उमटणाऱ्या दोन रेषा दोन भिन्न कालावधींविषयी बोलतात. वाचणाऱ्याला मात्र दोन्ही सारख्याच दिसतात.

याचे परिणाम प्रत्यक्ष रुग्णाला भोगावे लागतात. पावसाळ्यात हिवतापाचा उपचार पूर्ण केलेल्या मुलाला तिसऱ्या आठवड्यात पुन्हा ताप आला, तर चाचणीतील रेषा जुनी की नवी हे केवळ पट्टीवरून सांगता येत नाही. ती नवी मानून पुन्हा हिवतापाचेच औषध दिले आणि ताप प्रत्यक्षात न्यूमोनियाचा असला, तर उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो. ती जुनी मानून दुर्लक्ष केले आणि संसर्ग खरोखर नवा किंवा औषधाला न जुमानणारा असला, तर धोका त्याहून मोठा. म्हणूनच रोग बरा झाला की नाही हे पाहण्यासाठी एचआरपी-२ चाचणी वापरू नये व अशा वेळी काचपट्टीचा आधार घ्यावा, असा दंडक आहे. दुर्गम गावात नेमकी काचपट्टीच वेळेवर उपलब्ध नसते, हा या दंडकातील पेच होय.

अशा निकालाला ‘खोटा होकार’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्दप्रयोग तपासून पाहण्याजोगा आहे. प्रथिन रक्तात खरोखरच असते. चाचणी ते अचूक ओळखते. ‘या शरीरात अलीकडे फॅल्सिपॅरम होता काय’ या प्रश्नाचे ते खरे उत्तर असते. ‘आज आहे काय’ या प्रश्नाला ते लागू केले की ते खोटे ठरते.

६. पुन्हा प्लीहेकडे

प्रथिन इतके दिवस कशामुळे टिकते, या प्रश्नाच्या उत्तराने हा इतिहास अनपेक्षितपणे आपल्या आरंभस्थानी येतो. रक्तद्रवातील एचआरपी-२ संथ गतीने कमी होते, हे स्पष्टीकरणाचा एक भाग झाला. दुसरा भाग प्लीहेशी संबंधित आहे. तांबड्या पेशीला न फोडता तिच्यातील कण काढून घेण्याचे कार्य प्लीहा करते, हे १९५७ मध्ये क्रॉस्बी यांनी लोहकणांच्या संदर्भात मांडले होते. १९७२ मध्ये माकडांच्या प्लीहेच्या सूक्ष्म अभ्यासातून हिवताप-परजीवींच्या बाबतीतही अशीच क्रिया दिसून आली. थायलंडमधील रुग्णांवरील संशोधनाने १९९७ मध्ये हे दाखवून दिले की, उपचारानंतर मृत परजीवी पेशीतून काढून टाकला जातो आणि ती पेशी पुन्हा रक्तप्रवाहात परतते. तिच्या आवरणावर पूर्वसंसर्गाची खूण म्हणून परजीवीचे प्रथिन शिल्लक असते. अशा पेशींना ‘एकदा बाधित झालेल्या पेशी’ म्हणता येईल.

आर्टेसुनेट या औषधामुळे या पेशींची संख्या बरीच वाढते. क्विनीन मुख्यतः परिपक्व परजीवींवर परिणाम करते; आर्टेसुनेट कोवळ्या, अंगठीच्या आकाराच्या परजीवींनाही तत्काळ मारते आणि प्लीहा त्यांना पेशीतून काढून टाकते. या औषधाचे महत्त्व वादातीत आहे. भारतासह आशियातील चार देशांत झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गंभीर हिवतापाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण क्विनीन दिलेल्या गटात २२ टक्के, तर आर्टेसुनेट दिलेल्या गटात १५ टक्के होते. परंतु आर्टेसुनेटने वाचलेल्या काही रुग्णांत एक ते चार आठवड्यांनंतर रक्तपेशी अचानक फुटून रक्तक्षय होतो. प्लीहेने परजीवी काढून घेतलेल्या पेशींचे आयुष्य कमी झालेले असते व त्या जवळपास एकाच वेळी नष्ट होतात, हे त्याचे प्रमुख कारण होय.

२०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या दोन गोष्टींची सांगड घातली. बांगलादेशातील रुग्ण आणि फ्रान्समध्ये उपचार घेतलेले प्रवासी यांच्या रक्ताच्या अभ्यासात, एकदा बाधित झालेल्या पेशींच्या आवरणावर एचआरपी-२ साचून राहते, असे आढळले. रक्त पाचशे पट पातळ करूनही चाचणीची रेषा उमटली, तर त्या रुग्णाला पुढे असा रक्तक्षय होण्याचा संभव अधिक असतो, असे संशोधकांनी दाखवून दिले. जो अवशेष निदानातील अडथळा मानला जात होता, तोच पुढील धोक्याचा इशारा ठरला.

एचआरपी-२च्या साठ्याचा असाच दुसरा उपयोग २००५ मध्ये पुढे आला होता. फॅल्सिपॅरमचे परिपक्व परजीवी सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून राहतात. बोटातून घेतलेल्या रक्तात ते दिसत नाहीत. रक्तद्रवातील एचआरपी-२च्या प्रमाणावरून शरीरातील एकूण परजीवींचा अंदाज बांधता येतो, हे थायलंडमधील रुग्णांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. म्हणजे काचपट्टीला न दिसणारा वर्तमानही हे प्रथिन काही अंशी सांगते. अन्यत्र अपुरा उपचार घेऊन आलेल्या अत्यवस्थ रुग्णाची काचपट्टी कोरी असली, तरी टिकून राहिलेली एचआरपी-२ची रेषा वैद्याला खऱ्या रोगाकडे नेऊ शकते.

७. खूणच नाहीशी होते तेव्हा

या विवेचनाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. प्रथिन परजीवीनंतर राहू शकते, त्याप्रमाणे परजीवी प्रथिनाविनाही राहू शकतो. पेरूच्या अमेझॉन प्रदेशातील नमुन्यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ४१ टक्के फॅल्सिपॅरम परजीवींत एचआरपी-२चे जनुकच नसल्याचे आढळले. एरिट्रियात असे परजीवी इतक्या प्रमाणात सापडले की, २०१६ मध्ये त्या देशाला केवळ एचआरपी-२वर विसंबणाऱ्या चाचण्या सोडून द्याव्या लागल्या. भारतातील आठ राज्यांच्या नमुन्यांतही, अल्प प्रमाणात का होईना, असे परजीवी आढळल्याचे २०१६ मध्ये नोंदविले गेले. एकाच खुणेवर संपूर्ण कार्यक्रमाची भिस्त ठेवण्यातील धोका यातून दिसतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, प्लीहा, काचपट्टी आणि प्रथिन यांचा क्रम हा केवळ अचूकतेच्या वाढीचा इतिहास नाही. या तिन्ही साधनांचा वर्तमानाशी संबंध निरनिराळा आहे. त्यामुळे नवे साधन जुन्याची जागा पूर्णपणे घेऊ शकले नाही. प्रथिनाच्या युगातही काचपट्टीची गरज संपलेली नाही.

दुसरी गोष्ट अशी की, अवशेष हा आरंभी दोष वाटतो. परंतु त्याचे कारण समजल्यावर तो माहितीचा स्रोत बनतो. मंदगतीने पूर्ववत होणाऱ्या प्लीहेने डेम्पस्टर यांना मागील हंगाम वाचून दाखविला. रेंगाळणाऱ्या प्रथिनाने संशोधकांना पुढील रक्तक्षयाची चाहूल दिली. मात्र त्यासाठी अवशेष कसा निर्माण होतो आणि किती काळ टिकतो हे ठाऊक असावे लागते.

तिसरी गोष्ट व्यवहाराची आहे. चाचणीच्या निकालासोबत रुग्णाने मागील महिन्याभरात हिवतापाचे औषध घेतले होते काय, ही नोंद नसेल तर त्या निकालाचा अर्थ अपुरा राहतो. ही नोंद करण्यास खर्च येत नाही; आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीतील एक रकाना त्यास पुरतो. इतिहासाचा अभ्यासक कोणत्याही पुराव्याला तो कोणत्या काळाचा आहे हा प्रश्न प्रथम विचारतो. पट्टीवर उमटलेल्या रंगीत रेषेलाही तोच प्रश्न विचारला गेला, तर तिसऱ्या आठवड्यात पुन्हा तापाने फणफणलेल्या मुलाला योग्य औषध मिळण्याची शक्यता निश्चितच वाढेल.